ॲट्रॉसिटीची फिर्याद कशी लिहायची: कोर्टाबाहेरच्या टेबलावरून

'मने हत्तिर' म्हणजे घराजवळ. 'मनेयल्ली' म्हणजे घरात. कानडीतल्या या दोन शब्दांच्या फटीत माझ्या चुलतीची केस बुडाली, आणि त्या केसचा पहिला कागद लिहिणारा मीच होतो.

मी कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी या मराठी सीमापट्ट्यातला. तालुक्याच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली १९९४ पासून टेबल टाकून अर्ज लिहितो. आधी दोन टाइपरायटर होते, एक मराठी, एक कानडी. आता एक लॅपटॉप, त्यात कानडीसाठी 'नुडी' आणि मराठीसाठी युनिकोड. उतारा, वारसा, रेशनकार्ड, पोटगी, चेक परत आला, काय पाहिजे ते लिहून देतो. मी वकील नाही. पण पोलिस ठाण्यात जायच्या आधी आमच्याकडचा माणूस वकिलाकडं जात नाही, टेबलाकडं येतो. शिवाय मी महारवाड्यातला, त्यामुळं जातीच्या फिर्यादी, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराविरुद्धच्या ॲट्रॉसिटी कायद्याखालच्या, माझ्याकडं जरा जास्तच येतात. बसल्या बसल्या प्रत्येकजण एकच विचारतो, "मामा, ह्या कायद्याचा आता काय उपयोग हाय काय?"

उपयोग आहे. पण कायदा दिल्लीत किती कडक लिहिलाय यावर तो ठरत नाही. तुमच्या पहिल्या कागदात काय उतरलंय आणि काय गळलंय, यावर ठरतो. तीस वर्षांत माझं हे एकच मत पक्कं झालंय. ते कसं, ते चुलतीपासून सांगतो.

२००३ च्या उन्हाळ्यात गावच्या नळावर चुलतीनं घागर लावली. मागून आलेल्या माणसानं घागर लाथेनं उडवली आणि जातीवरून बोलला. नळ आमच्या घरापासून वीस पावलांवर, रस्त्याच्या कडेला. दहा-बारा बाया रांगेत. मी तेव्हा जोशात होतो. दोन पानं लिहिली. 'युगानुयुगे चाललेला अन्याय', 'मनुवादी प्रवृत्ती', 'माणुसकीला काळिमा' असं सगळं त्यात होतं. नव्हतं ते एवढंच: तो नेमकं काय बोलला, नळ कुठं आहे, रांगेत कोण कोण होतं. जागेबद्दल लिहिलं होतं 'घराजवळ'. ठाण्यातल्या रायटरनं त्यावरून कानडीत फिर्याद लिहिताना केलं 'मनेयल्ली'. चुलतीला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. तिनं अंगठा दिला.

कायदा म्हणतो की अपमान 'सार्वजनिक नजरेत' झाला पाहिजे. घरात, चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना झाला तर ते कलम लागत नाही. निकालात तेच आलं. फिर्यादीत जागा घरातली, साक्षीत जागा नळावरची, दोन्हींत मेळ नाही. संशयाचा फायदा, आरोपी सुटला. गावात साखर वाटली त्यांनी. चुलती मला एक शब्द बोलली नाही, हेच जास्त लागलं.

तेव्हापासून मी फिर्याद लिहायची पद्धत बदलली.

माणूस आला की आधी मी लिहीत नाही, बोलू देतो. रडू देतो, शिव्या देऊ देतो. चहा सांगतो. मग वहीत पेन्सिलनं पाच गोष्टी टिपतो: कधी, कुठं, कोण, कुणासमोर, आणि कोणते शब्द. पाचवी सगळ्यांत अवघड जाते. बायका तर तो शब्द उच्चारतच नाहीत. "जातीवरनं बोलला" एवढंच म्हणतात. पुरुषही खाली बघतात. पण तो शब्द कागदावर आलाच पाहिजे, जसाच्या तसा, ज्या भाषेत उच्चारला त्या भाषेत. कानडीत शिवी दिली असेल तर कानडीत लिहा, मराठीत असेल तर मराठीत. कारण आमच्याकडच्या फिर्यादींत एक ठरलेलं वाक्य असतं, 'अवाच्य शब्दगळिंद बैदु', म्हणजे उच्चारू नयेत अशा शब्दांनी शिवीगाळ केली. दिसायला सभ्य वाक्य. पण त्या 'अवाच्य' शब्दाच्या पोटात तुमच्या जातीचं नाव गडप होतं आणि मागं साधी शिवीगाळ उरते. जातीचं नाव घेऊन शिवी हा कलम ३(१)(एस) चा कणा आहे, आणि अपमान करण्याच्या हेतूनं अपमान किंवा धमकी हा ३(१)(आर) चा. दोन्हींत सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड. शब्दच नसेल तर कणा कुठला?

आता एक उदाहरण दाखवतो. मागच्या वर्षी एक पोरगं आलं, डिप्लोमा झालेलं, पुण्यात नोकरी. यात्रेला गावी आलं आणि केस कापायला गावातल्या सलूनमध्ये गेलं. त्यानं मोबाइलवर स्वतः लिहून आणलं होतं: 'मला सलूनमध्ये जातीय भेदभावाचा सामना करावा लागला व माझा घोर अपमान करण्यात आला.' वर्तमानपत्रात शोभेल, ठाण्यात नाही. दीड तास बसून आम्ही ते असं केलं:

'दिनांक अमुक रोजी, मंगळवारी, सकाळी सुमारे दहा वाजता मी ग्रामपंचायतीसमोरच्या रस्त्यालगत असलेल्या सलूनमध्ये केस कापण्यासाठी गेलो. दुकानाचं दार उघडं होतं. आत खुर्चीवर एक व बाकावर दोन गिऱ्हाईकं होती, बाहेर पानपट्टीजवळ तीन माणसं उभी होती. त्यांची नावं खाली दिली आहेत. दुकानदार मला मोठ्यानं म्हणाले, "तुझं इथं होत नाही. महाराची कटिंग केली तर बाकीचे येत नाहीत." मी पैसे दाखवले. तेव्हा बाकावरचे गृहस्थ उठून म्हणाले, "ह्याला बसवलंस तर उद्यापासून गावातलं एक माणूस तुझ्याकडं येणार नाही." हे दोघेही मला व माझ्या वडिलांना लहानपणापासून ओळखतात व आमची जात त्यांना माहीत आहे.'

यात एकही विशेषण नाही, पण प्रत्येक वाक्याला काम आहे. 'दार उघडं होतं' आणि 'पानपट्टीजवळ तीन माणसं' हे सार्वजनिक नजरेसाठी. सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये स्वरणसिंग प्रकरणात सांगितलंय की जागा खाजगी असली तरी चालते, बाहेरच्या लोकांना दिसायला-ऐकायला पाहिजे, आणि ते लोक नुसते आपले नातेवाईक-मित्र असून भागत नाही. म्हणून पानपट्टीवरची तिघं नावानिशी. शेवटचं वाक्य कलम ८ साठी आहे: आरोपी तुम्हाला किंवा घरच्यांना ओळखत असेल तर त्याला तुमची जात माहीत होती असं कोर्ट धरून चालतं, नव्हती हे त्यानं सिद्ध करायचं. 'मला काय ठाऊक त्याची जात' हा बचाव तिथंच अडतो.

आणि बाकावरचा माणूस. बहुतेक फिर्यादींत तो सुटतो. सलूनवाला समोर दिसतो, म्हणून सगळा राग त्याच्यावर. तोही गरीबच, दोन खुर्च्यांचं दुकान. मला तो नंतर म्हणाला, "मामा, मी कापतो की. ह्यांनी येणं बंद केलं तर माझी चूल कशी पेटणार?" त्याला मी माफ केलेलं नाही, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बहिष्काराची धमकी देणारा खरा माणूस बाकावर होता, आणि त्याच्यासाठी कलम ३(१)(झेडसी) आहे, सामाजिक-आर्थिक बहिष्कार घालणं किंवा घालायची धमकी देणं. दुकानात, दवाखान्यात, पाणवठ्यावर, स्मशानात, देवळात अडवणं, नवीन कपडे घातले किंवा वरात काढली म्हणून अडवणं, हे ३(१)(झेडए) मध्ये. ही दोन्ही कलमं २०१५ च्या दुरुस्तीनं आली आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहेत. कलमांचे आकडे तुम्ही अर्जात लिहिलेच पाहिजेत असं नाही, ते पोलिसांचं काम. पण मी शेवटी लिहितो. लिहिलेलं असलं की 'हे कलम आठवलं नाही' म्हणायला जागा राहत नाही.

कुणी व्हॉट्सॲपवर पाठवेल की महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, त्याखाली द्या. तो दूधगंगेच्या पलीकडं. कोगनोळीचा नाका ओलांडला की तिकडचे हेल्पलाइन नंबर, तिकडचे शासन निर्णय, तिकडच्या योजना इकडं चालत नाहीत. ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा मात्र केंद्राचा, तो दोन्हीकडं सारखा.

आता भाषा. अर्ज मराठीत द्यायचा की कानडीत? ठाण्यात पहिलं वाक्य ऐकू येतं, "कन्नडदल्ली बरेदु कोडी", कानडीत लिहून द्या. भांडू नका, पण हेही माहीत ठेवा: राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे कुठल्याही माणसाला आपली तक्रार केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडं देता येते. माझी रीत अशी: मूळ अर्ज मराठीत, कारण तुम्ही जे बोललात ते तुम्हाला वाचता आलं पाहिजे. सोबत कानडी भाषांतर. दोन्हींवर सही. आणि मराठी अर्जाच्या तळाला एक ओळ: 'सोबत कन्नड भाषांतर जोडले आहे, दोन्हींत फरक आढळल्यास मूळ मराठी अर्ज विचारात घ्यावा. मूळ अर्ज एफआयआरसोबत जोडावा.' या एका ओळीसाठी चुलतीला सहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या घासाव्या लागल्या.

तोंडी फिर्याद दिली आणि रायटरनं लिहून घेतली, तर सही करायच्या आधी वाचून दाखवायला सांगा. ही विनंती नाही, हक्क आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये अधिकाऱ्याची कामं लिहिलेली आहेत: फिर्याद वाचून दाखवणं, एफआयआर नोंदवणं, त्याची नक्कल लगेच देणं, साठ दिवसांत तपास करून दोषारोपपत्र पाठवणं. जाणूनबुजून टाळलं तर त्या अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा होऊ शकते. वाचताना कान तीन ठिकाणी टवकारा: जागा, शब्द, साक्षीदार. 'हत्तिर' म्हटलंय की 'अल्ली', एवढं ऐकायला कानडी वाचता यायची गरज नाही.

ठाण्यात काय काय ऐकायला मिळेल ते आधीच सांगून ठेवतो. "साहेब नाहीत, उद्या या." साहेब नसले तरी ठाणे अंमलदार असतो. "हद्द आमची नाही." १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, हद्द कुठलीही असो, नोंद करून घ्यायची तरतूद आली आहे, तिला शून्य एफआयआर म्हणतात. सीमाभागात ही फार कामाची. बाई निपाणीची, कामाला कागलला, प्रसंग बसस्टँडवर. दोन राज्यांची ठाणी एकमेकांकडं बोट दाखवायची. आता जवळच्या ठाण्यानं घ्यायचं आणि पुढं पाठवायचं. "आधी चौकशी करतो, चौदा दिवस लागतील." नव्या संहितेत तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी तशी सोय आहे खरी, पण ॲट्रॉसिटीला कलम १८-ए आहे: एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेआधी कुणाच्या मंजुरीची गरज नाही. हे कलम आपोआप आलेलं नाही. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानं चौकशीची अट घातली, २ एप्रिलला देशभर बंद झाला, संसदेनं त्याच वर्षी १८-ए घातलं, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते वैध ठरवलं. त्याच निकालात असंही आहे की फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन मिळू शकतो. म्हणजे परत पहिला कागद.

आणि सगळ्यांत गोड वाक्य: "कशाला केस करतोस, राजी करून टाकू. गावात राहायचं हाय न्हवं?" बोलणारा वाईटच असतो असं नाही. पण ठाण्यात बसून राजीच्या, म्हणजे समझोत्याच्या, कागदावर सही करू नका. हा गुन्हा असा आपापसांत मिटत नाही. केस रद्द करायची तर हायकोर्टात, आमच्यासाठी धारवाड खंडपीठात जावं लागतं. ठाण्यातल्या त्या चिठ्ठीचा उपयोग एकालाच होतो, आणि तो तुम्ही नव्हे.

नोंद घेतच नसतील तर 'हिंबरह' मागा. कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांत हा मंत्र आहे. अर्जावर काय केलं किंवा का नाही केलं याचं लेखी उत्तर म्हणजे हिंबरह. ते मागितलं की निम्म्या वेळा नोंद होते, कारण नकार लिहून द्यायला कुणालाच आवडत नाही. तेही नाही मिळालं तर अर्ज रजिस्टर पोस्टानं जिल्हा पोलिसप्रमुखांना पाठवा, बेळगाव शहर असेल तर आयुक्तांना, पावती जपा. त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. कर्नाटकात नागरी हक्क अंमलबजावणी संचालनालय आहे, सगळे त्याला डीसीआरई म्हणतात, तिकडंही एक प्रत टाका. फोनवर १४५६६ ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथं तक्रारीचा नंबर मिळतो. वकिलाला पैसे नसतील तर १५१००, कायदा सेवा प्राधिकरण. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पुष्कळांना वाटतं त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. लागत नाही.

मारहाण असेल तर ठाण्याआधी सरकारी दवाखाना. एमएलसी, म्हणजे पोलिस केससाठीची डॉक्टरी नोंद, झाल्याशिवाय घरी येऊ नका, आणि डॉक्टरला 'पडलो' सांगू नका. समोरचा माणूस त्याच संध्याकाळी उलटी केस घालतो, चोरीची, विनयभंगाची. कोण आधी पोचलं याला फार किंमत असते.

मोबाइलमधला व्हिडिओ. पोरं लगेच व्हॉट्सॲपवर टाकतात, स्टेटस ठेवतात आणि जागा भरली म्हणून मूळ फाइल पुसतात. कोर्टात मूळ उपकरण लागतं, नाहीतर प्रतीसोबत प्रमाणपत्र, नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ खाली. तेव्हा ज्या फोननं काढलं तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, आणि पोलिसांनी घेतला तर पंचनाम्यात मॉडेल आणि नंबर लिहून घ्या.

जातीचा दाखला. नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीत, अर्ज करा, दाखल्यावर आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, येतो. फिर्यादीच्या दिवशी दाखला नसला तर फिर्याद थांबवू नका, नंतर देता येतो. बौद्ध झालेल्या घरांत एक घोळ असतो: बापाच्या शाळेच्या दाखल्यावर 'महार', पोराच्या दाखल्यावर 'बौद्ध', आणि कारकून म्हणतो जमत नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्म बौद्ध असला तरी अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. वंशावळ जोडा, भांडा. दुसरा घोळ सुनांचा. गडहिंग्लज, चंदगड, कागलच्या मुली इकडं लग्न होऊन येतात, दाखला महाराष्ट्राचा. महार, मांग, चांभार दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत, तरी दाखला दुसऱ्या राज्याचा म्हणून प्रश्न काढतातच. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाचा निकाल आहे की आपल्या राज्यात अनुसूचित असलेल्या माणसाला या कायद्याचं संरक्षण दुसऱ्या राज्यातही मिळतं. कर्नाटकातल्या कोर्टावर तो बंधनकारक नाही, पण वकिलाच्या हातात असलेला बरा. आरक्षणाचा नियम वेगळा, तिथं दुसऱ्या राज्याचा दाखला चालत नाही. दोन्हींची गल्लत करू नका.

नोंद झाली की तपास डीवायएसपी, म्हणजे पोलिस उपअधीक्षक, दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, फौजदारानं नाही. जबाब कुणी घेतला ते लिहून ठेवा. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची तुम्हाला नोटीस यायला पाहिजे आणि तुमचं म्हणणं ऐकायला पाहिजे, कलम १५-ए. आमच्याकडं बेळगावचं विशेष कोर्ट पाऊणशे किलोमीटर. जाण्यायेण्याचा खर्च आणि भत्ता नियमांत आहे, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आर्थिक मदत समाजकल्याण खात्याकडून येते. जातीवाचक अपमानाच्या गुन्ह्यात २०१६ च्या तक्त्याप्रमाणे १ लाख रुपये: २५ टक्के एफआयआरला, ५० टक्के दोषारोपपत्राला, २५ टक्के शिक्षा झाल्यावर. पासबुक स्वतःच्या नावाचं द्या. हे पैसे 'काढून देतो' म्हणणारे कचेरीच्या दारातच उभे असतात.

पोलिसांनी 'बी रिपोर्ट' घातला, म्हणजे फिर्याद खोटी असं कोर्टाला कळवलं, तर नोटीस येते. ती आली की लोक गप्प बसतात, तिथंच केस मरते. हरकत अर्ज देता येतो, त्या तारखेला हजर राहा.

इथं थोडं कडू बोलतो. माझ्याकडं बांधाच्या भांडणात "मामा, ॲट्रॉसिटी लावून द्या की जरा" म्हणत आपलीच माणसं येतात. मी लिहीत नाही. दोघं रागावून दुसऱ्या टेबलाला गेली आणि तिथं लिहून घेतली. अशी एक केस सुटली की पुढच्या दहा खऱ्यांना ठाण्यात "तुम्ही काय, लावताच" ऐकावं लागतं. पण खोट्या केसांवर भाषण देणारी माणसं दुसरी बाजू सांगत नाहीत: फितूर साक्षीदार, कच्चा तपास आणि दहा वर्षांची तारीख यांनी सुटलेल्या केसही आकड्यांत 'सुटल्या'तच मोजतात. माझी चुलती त्याच रकान्यात आहे.

उपयोगाचं म्हणाल तर कोप्पळ जिल्ह्यातलं मरकुंबी बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये दलितांची घरं जाळली, भांडणाच्या मुळाशी न्हाव्याच्या दुकानातला आणि हॉटेलातला प्रवेश. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोर्टानं ९८ जणांना जन्मठेप दिली. एवढ्यांना एका केसमध्ये! आमच्या टेबलावर त्या दिवशी पेपर फाटेपर्यंत वाचला. मग महिन्याभरात धारवाडला बहुतेकांना जामीन मिळाला. माझ्याकडं आलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मंजे कायदा चालला का न्हाई चालला?" मी म्हटलं, दहा वर्षं चालला, आता दम खातोय. देशभरात २०२२ साली अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. हा आकडा कायदा फसल्याचा की लोक ठाण्यात जायला लागल्याचा, यावर टेबलावर रोज वाद होतो. मला वाटतं दोन्हीचा.

एक मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी लहान असताना गावच्या हॉटेलात आमच्या कपबश्या बाहेर खिळ्याला असायच्या, पिऊन धुऊन ठेवायच्या. आज तसा खिळा ठोकायची कुणाची छाती नाही, आणि ती छाती माणुसकीनं गेली असं मला वाटत नाही, केसच्या भीतीनं गेली. पण भेदभाव आता हुशार झालाय. "महाराचं होत नाही" म्हणणारा सलूनवाला मागं पडत चाललाय, आता जास्त ऐकू येतं "नंबर हाय", "कात्रीला धार न्हाई", "लाइट गेली". कायद्याला बोललेला शब्द धरता येतो, गप्प राहणं धरणं अवघड. त्यासाठी मी पोरांना सांगतो: दोनदा जा, दोन वेगळ्या दिवशी, वेळ लिहून ठेवा, आणि तुमच्या मागोमाग दुसऱ्या जातीचा दोस्त पाठवा. त्याची कटिंग झाली तर तो साक्षीदार, आणि त्याच्या मिनिटांचा हिशेब हा पुरावा. असा दोस्त मिळणं हीच खरी अडचण असते, ते मला माहीत आहे.

आणि आपल्या मराठी माणसांबद्दल. सीमाभाग कर्नाटकात घातला त्याच्या निषेधाच्या, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी दरवर्षी दंडाला काळी फीत लावून जातो. कानडीतली नोटीस हातात पडली की कसं वाटतं, हे आम्हा सगळ्यांना सारखंच कळतं. त्या फेरीत बाकावरचा तो गृहस्थही असतो, माझ्या पुढं चारपाच माणसं सोडून, माझ्यापेक्षा मोठ्यानं घोषणा देत. १९२५ साली निपाणीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद झाली, त्याआधी पाच वर्षं शाहू महाराज माणगावच्या अशाच परिषदेला आले होते, हे तो सभेत सांगतोही.

सलूनच्या केसमध्ये ५८ व्या दिवशी दोषारोपपत्र गेलं. पानपट्टीवरच्या तिघांपैकी एक टिकलाय, दोघांना 'नीट आठवत नाही'. पोरगं पुण्याहून तारखेला येतं. मधल्या एका तारखेला त्यानं मला त्या दुकानात नेलं. दुकानदारानं खुर्ची झटकली, म्हणाला, "बसा." पोरगं बसलं. बाकावर मी एकटाच होतो, आम्ही उठेपर्यंत दुसरं कुणी आत आलं नाही.

शेवटचं, झेरॉक्स. एफआयआरची नक्कल, पोच घेतलेला अर्ज, हिंबरह, पोस्टाच्या पावत्या, एमएलसी, दाखला, सगळ्याच्या दोन प्रती करा. एक प्रत घरात ठेवा, दुसरी मामाच्या नाहीतर बहिणीच्या गावी, नदीकाठ नसलेल्या. चुलतीच्या निकालाची नक्कल तिनं ट्रंकेत जपून ठेवली होती. २०१९ च्या पुरात घरात छातीइतकं पाणी आलं, तेव्हा ट्रंकेसकट गेली. तिनं नवी काढून आणायला सांगितलंय. मी विचारलं, हरलेल्या केसचा कागद कशाला पाहिजे, काकी? म्हणाली, "त्यात नळ 'घरात' लिवलाय न्हवं, ते मला एकदा कुणीतरी मराठीत वाचून दाखवा."